लोकनेते कै. भाऊसाहेब बांदोडकर

थोर पुरुषांच्या जयंत्या व पुण्यतिथ्या साजऱ्या करण्याची प्रथा आपल्या समाजात चांगलीच रुजली आहे. १२ मार्च आणि १२ ऑगस्ट हे दोन दिवस तर गोमंतक मराठा समाजातील कोणास मुद्दाम सांगावे लागत नाहीत. मिरामारच्या किनाऱ्यावरील समाधीवर त्या दिवशी फुले वाहिली जातात, भाषणे होतात, आणि सायंकाळी गर्दी पांगली की पुढल्या वर्षापर्यंत आम्ही मोकळे होतो. हार वाहणे सोपे असते. ज्या गुणासाठी हार वाहावयाचा तो गुण ओळखणे अवघड आणि तो अंगी आणणे त्याहूनही अवघड. म्हणून गोव्याचे पहिले मुख्यमंत्री कै. दयानंद बाळकृष्ण ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांचे चरित्र या स्मरणिकेत सादर करताना आम्ही एकच प्रश्न पुढे ठेवला आहे. विद्यापीठाची पदवी नाही, जुन्या घराण्याचा मानमरातब नाही, अशा या पुरुषाने गोव्यातील सामान्य मतदाराचे मन जिंकले ते कशाच्या बळावर? आणि एका मोठ्या प्रसंगी तेच मन त्यांच्या हाती का लागले नाही? या प्रश्नाचे उत्तर केवळ आपल्या समाजाच्या अभिमानाचा विषय नाही. लोकांच्या मतांवर राज्य करू पाहणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावे असे आहे.

जन्म, समाज आणि उद्योग

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. पेडणे म्हणजे गोव्याचे उत्तरेकडील टोक. तेरेखोलची नदी ओलांडली की पलीकडे सावंतवाडीचा मुलूख. हा भाग पोर्तुगिजांच्या नव्या काबिजादीतला. तिसवाडी, बारदेश व सासष्टी या जुन्या महालांत परकी सत्ता सोळाव्या शतकातच स्थिरावली होती. पेडण्यास ती पोहोचली अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्यामुळे येथील देवळे, उत्सव, जत्रा व मराठी शिक्षणाची परंपरा बऱ्याच अंशी टिकून राहिली होती.

परंतु या परंपरेत आमच्या समाजाचे स्थान कोणते होते, हे आम्ही विसरता कामा नये. देवालयांची सेवा आमच्या पूर्वजांकडे होती, गायन-वादनाची कला त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केली, आणि तरीही त्याच देवालयांच्या मंडपात त्यांना मानाची जागा नव्हती. लोक कलेची वाहवा करीत आणि ती जोपासणाऱ्या कुळांस हीन लेखीत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी कै. राजाराम पैंगीणकर प्रभृती सुधारकांनी या स्थितीविरुद्ध आवाज उठविला, शिक्षणाचा व विवाहसंस्थेचा आग्रह धरला, आणि वेगवेगळ्या नावांनी ओळखले जाणारे गट एका समाजाच्या नावाखाली आणले. केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांनी आपल्या समाजाचे नाव संगीताच्या दरबारी अढळ केले. राज्यकारभाराच्या दरबारी ते न्यावयाचे काम भाऊसाहेबांच्या वाट्यास आले.

त्यांच्या आयुष्याचा पूर्वार्ध व्यापारउदीमात गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांकडून गोव्याच्या लोहखनिजास मोठी मागणी येऊ लागली. डोंगर फोडून काढलेली माती बार्जींत भरून मांडवी-झुवारीच्या पात्रांतून मुरगावच्या बंदरात जाऊ लागली, आणि ज्यांच्यापाशी साहस होते त्यांचे नशीब पालटले. भाऊसाहेब त्यांपैकी एक होत. लक्ष्मी आली. पण ती आल्यावर शाळांना देणग्या देणे, होतकरू विद्यार्थ्यांस मदत करणे, अडल्यानडलेल्यांची गरज भागविणे हा क्रम त्यांनी आरंभिला, आणि तोही राजकारणात पाऊल टाकण्याच्या कितीतरी आधी. मते मागण्याचा प्रश्नच तेव्हा नव्हता. सालाझारच्या राजवटीत मते मागावयास जावे असा मतदारच गोव्यात नव्हता. लोक त्यांना भाऊ म्हणू लागले ते या दिवसांत. पुढे मुख्यमंत्री झाल्यावरही भाऊ हेच नाव कायम राहिले.

मताचा पहिला हक्क

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढे केंद्रशासित प्रदेशाची विधानसभा स्थापन होऊन ९ डिसेंबर १९६३ रोजी पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. या निवडणुकीचे महत्त्व आजच्या तरुणास सहज उमजणार नाही. पोर्तुगीज अमदानीत मताचा हक्क शिक्षण व मालमत्ता पाहून दिला जाई. कूळ, मुंडकार, रापणकार, रेंदेर, खाणीवरचा मजूर यांस राज्यकर्ते निवडण्याशी काही कर्तव्य असते, ही कल्पनाच नव्हती. त्यांचे सरकार म्हणजे गावचा भाटकार आणि रेजेदोर. आता एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषास एक मत, आणि भाटकाराच्या मताइतकेच त्याच्या मुंडकाराच्या मताचे मोल!

पण हक्क कागदावर मिळाला म्हणजे तो वापरण्याचे धैर्य येतेच असे नाही. मुंडकाराचे घर भाटकाराच्या जमिनीत. विहीर त्याची, वाट त्याची, अंगणातला माडही त्याचा. मालकाची मर्जी फिरली तर चूल कोठे पेटवावयाची, ही धास्ती पिढ्यान्‌पिढ्यांची. अशा माणसापुढे उभे राहून त्याने मोठमोठ्या तत्त्वांवर मत द्यावे असे सांगणे व्यर्थ होते. आपण कोणाच्या नावापुढे शिक्का मारला हे मालकास कळत नाही, एवढे त्यास पटवून देणे हेच मोठे राजकीय शिक्षण होते.

१९६३ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने हे काम केले. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा आणि बहुजनसमाजाचे राज्य यावे, या दोन मागण्या त्याने मांडल्या. या दोहोंची सांगड कशी पडली, हे पाहण्यासारखे आहे. शेजारच्या मुंबई राज्यात १९४८ साली कूळ कायदा झाला होता व १९५७ च्या कृषकदिनापासून तेथील कूळ जमिनीचा मालक होऊ लागला होता. तेरेखोलच्या पलीकडल्या आप्तांकडून ही वार्ता पेडण्याच्या कुळास कळत होती. त्यामुळे विलीनीकरण हा सुशिक्षितांस भाषेचा व संस्कृतीचा प्रश्न वाटला, तरी शेतात राबणाऱ्यास तो आपल्या बांधाचा व खंडाचा प्रश्न वाटला. भाऊसाहेबांचे राजकारण या दुसऱ्या बाजूने अधिक समजते.

निकाल लागला तेव्हा भलेभले थक्क झाले. स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई व दिल्लीतील सत्ता पाठीशी असलेल्या काँग्रेसला गोव्याच्या भूमीत एकही जागा मिळाली नाही. तीस जणांच्या विधानसभेत मगो पक्षाचे चौदा व त्याच्या मित्रपक्षाचे, म्हणजे प्रजासमाजवाद्यांचे दोन, असे सोळा सभासद निवडून आले. विलीनीकरणास विरोध करणाऱ्या डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षास बारा जागा मिळाल्या. भाऊसाहेब स्वतः या निवडणुकीस उभे नव्हते. तरी नेतृत्वासाठी दुसरे नाव पुढे येणे शक्य नव्हते. २० डिसेंबर १९६३ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची सूत्रे हाती घेतली आणि पुढे मडकई मतदारसंघातील पोटनिवडणुकीने ते सभागृहात आले. देवळाच्या मंडपात ज्या समाजास मागे उभे केले जाई, त्या समाजाचा पुत्र गोव्याच्या पहिल्या लोकनियुक्त सरकारचा प्रमुख झाला. आमच्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी उभे राहिले असल्यास नवल नाही.

शाळा

सत्ता मिळाल्यावर भाऊसाहेबांनी सर्वांत आधी कोणता प्रश्न हाती घेतला, तर गावच्या शाळेचा. पोर्तुगीज काळात सरकारी शिक्षण पोर्तुगीज भाषेचे. मराठी शाळा चालत त्या देवळांच्या अग्रशाळांत, कोणाच्या पडवीत, गावकऱ्यांच्या वर्गणीवर आणि पोटास चिमटा घेऊन शिकविणाऱ्या मास्तरांच्या निष्ठेवर. डोंगराआडच्या वाड्यांत तेवढीही सोय नव्हती. तीन-चार मैल चालून, ओहोळ ओलांडून मुलास शाळेत पाठविणे ज्या घरात सातव्या वर्षापासून गुरे राखण्यास मूल लागते त्या घरास कसे जमावे?

हा प्रश्न भाऊसाहेबांनी गरिबाच्या अंगणातून पाहिला. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळा मुलाकडे गेली पाहिजे, या सरळ विचाराने त्यांच्या सरकारने गावोगावी व वाड्यावाड्यांवर प्राथमिक शाळा उघडल्या. इमारत नसली तर मिळेल त्या जागेत वर्ग भरले, शिक्षक कमी पडले तर महाराष्ट्रातून आणले. १९६१ च्या जनगणनेत गोवा, दमण व दीव या प्रदेशात शंभरातील सुमारे ३१ माणसे साक्षर होती. १९७१ मध्ये हे प्रमाण सुमारे ४५ वर गेले. एका दशकातील ही वाढ केवळ एका माणसाचे काम नव्हे, हे खरे. पण ज्या पिढीने आईबापांपैकी कोणासही अक्षर वाचता येत नसताना पाटी हाती धरली, ती पिढी आपल्या शाळेचे श्रेय कोणास देत असे, हे गोव्याच्या कोणत्याही खेड्यात विचारावे. उच्च शिक्षणाकडेही त्यांचे लक्ष होते. फर्मागुढीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ साली त्यांच्याच कारकीर्दीत सुरू झाले, आणि १९७० साली कला अकादमीची स्थापना झाली. कलावंतांच्या समाजात जन्मलेल्या मुख्यमंत्र्यास कलेसाठी सरकारी संस्था असावी असे वाटावे, यात औचित्य आहे.

कूळ

शाळेनंतरचा प्रश्न जमिनीचा. १९६४ साली गोवा, दमण व दीव कृषी कूळवहिवाट कायदा संमत झाला. खंडाची कमाल मर्यादा पिकाच्या एकषष्ठांश ठरली आणि मालकाच्या लहरीवर कुळास हुसकावणे बेकायदा झाले. ज्याने आजवर अर्धे पीक मालकाच्या कोठारात ओतले त्यास या कायद्याचा अर्थ समजावून सांगण्यास वकील लागला नाही. खळ्यावर भात मोजताना तो त्यास आपसूक कळला.

हा कायदा पुरा नव्हता. जमिनीचे कागद अपुरे, कुळाचे नाव कोठे लागलेले तर कोठे नाही. मामलेदार कचेरीतले दावे वर्षानुवर्षे रेंगाळले. कुळास मालकी देणारी दुरुस्ती भाऊसाहेबांच्या पश्चात १९७६ साली झाली, व मुंडकारांच्या घरांस संरक्षण देणारा कायदा १९७५ साली. हे दोन्ही त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना घडले. पण पाया १९६४ साली घातला गेला होता.

लोकांशी त्यांचा संबंध केवळ कायद्यापुरता नव्हता. गावोगाव फिरणे, वाटेत मोटार थांबवून शेतातल्या माणसाची विचारपूस करणे, पीक कसे आले, मूल शाळेत जाते की नाही, विहिरीस पाणी आहे काय, हे त्याच्याच बोलीत विचारणे ही त्यांची रीत होती, अशी आठवण त्या पिढीतील कितीतरी लोकांनी सांगितली आहे. पणजीस त्यांच्या घरी गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्यास मोठ्या माणसाची चिठ्ठी आणावी लागत नसे. सभेत ते पांडित्य दाखवीत नसत. आज काही पुढारी निवडणुकीपूर्वी चार दिवस शेतात जाऊन नांगराला हात लावतात व छायाचित्रे काढून घेतात. भाऊसाहेबांच्या विचारपुशीची किंमत वेगळी होती, कारण विचारपूस झाली की मागाहून काहीतरी घडत असे. शाळेस मास्तर येई, अडलेला कागद पुढे सरके, नाहीतर स्वतःच्या खिशातून मदत जाई. कृतीचा हा अनुभव नसता तर गोड बोलण्यास लोक फार दिवस भुलले नसते.

जनमत कौल

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंगाकडे वळतो. स्मरणिकांतील चरित्रांत असे प्रसंग झाकून ठेवण्याची चाल आहे. आम्ही ती पाळणार नाही.

गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण करावयाचे की तो केंद्रशासित प्रदेश राहू द्यावयाचा, याचा निर्णय लोकांच्या मताने करण्याचे केंद्र सरकारने ठरविले व १९६६ च्या डिसेंबरात संसदेने तसा कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून भाऊसाहेबांचे मंत्रिमंडळ त्याच महिन्यात पायउतार झाले. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. फुलास १,३८,१७० आणि दोन पानांस १,७२,१९१ मते पडली. ३४,०२१ मतांनी विलीनीकरणाचा पक्ष हरला.

पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या तालुक्यांनी फुलास साथ दिली. सासष्टीने दोन पानांस भरभरून मते टाकली. ख्रिस्ती समाजाचा विरोध अपेक्षितच होता. परंतु हिंदू मतदारांपैकीही एक भाग दोन पानांकडे गेला, आणि ज्यांच्या जिवावर मगो पक्ष उभा होता त्या बहुजनांतलेही काही त्यात होते. याचे कारण काय?

आमच्या मते कारण असे. या प्रसंगी दैनंदिन जीवनाची भाषा विरुद्ध पक्षाने अधिक चांगली बोलली. महाराष्ट्रात त्या काळी दारूबंदी होती. ती येथे आली तर माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराने काय खावे, हा प्रश्न त्यांनी विचारला. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी व शिक्षक येथील नोकऱ्या अडवून बसतील, मग आमच्या शिकल्या मुलांनी कोठे जावे, हाही प्रश्न त्यांनी विचारला. पणजीस जाऊन मुख्यमंत्र्यास भेटता येते, उद्या गोवा एक जिल्हा झाला म्हणजे मुंबईस कोण दाद देणार, हे त्यांनी घरोघर पटवून दिले. विशेष म्हणजे त्यांच्या प्रचाराचे एक मोठे साधन राष्ट्रमत हे मराठी दैनिक होते, आणि कोकणी गाण्यांनी खेडोपाडीची अंगणे दणाणून गेली होती. उलट विलीनीकरणाच्या व्यासपीठांवर बाहेरून आलेले वक्ते इतिहास, संस्कृती व भाषेची महती सांगत होते. ती महती खोटी नव्हती. पण श्रोत्याच्या चुलीपासून ती दूर होती. शिवाय कूळ कायदा गोव्यातच झाला होता. विलीनीकरणाने जे मिळावयाचे त्याचा एक भाग भाऊसाहेबांनी स्वतःच आधी देऊन टाकला होता. पणजीस जाऊन ज्यास भेटता येते तो मुख्यमंत्री तरी दुसरा कोण होता? अशा रीतीने त्यांचेच चांगले काम त्यांच्या मोठ्या ध्येयाच्या आड आले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पराभवानंतर

ज्या मागणीसाठी पक्ष जन्मास आला ती मागणीच लोकांनी नाकारली, तर त्या पक्षाने काय करावे? पुष्कळांनी गृहीत धरले की मगो पक्ष आता मोडेल. भाऊसाहेबांनी कौल शिरसावंद्य मानला व निवडणुकीची तयारी केली. २८ मार्च १९६७ रोजी, म्हणजे कौलास अडीच महिनेही झाले नव्हते तोच, विधानसभेची निवडणूक झाली. तीसपैकी सोळा जागा मगो पक्षास मिळाल्या. युनायटेड गोवन्स पक्ष पुन्हा बारांवर राहिला. ५ एप्रिल रोजी भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले.

मतदारसंघांच्या विभागणीचा या यशात वाटा होता, हे आम्ही नाकारीत नाही. विलीनीकरणाची मते ज्या तालुक्यांत होती तेथील जागा त्यांच्याकडे राहिल्या. पण तेवढ्याने सारे उलगडत नाही. १९७२ साली, विलीनीकरणाचा प्रश्न कायमचा मिटलेला असताना, त्याच पक्षास अठरा जागा मिळाल्या. मागणी संपली आणि माणूस वाढला. मतदाराने भाऊसाहेबांस जणू दोन निराळे जबाब दिले होते. गोव्याचे भवितव्य काय असावे याविषयी त्यांचे म्हणणे त्याने मानले नाही. आपल्या पोराची शाळा व आपल्या शेताचा बांध कोणाच्या हाती सुरक्षित आहे, याविषयी मात्र त्याने त्यांच्यावर विश्वास टाकला. अडाणी म्हणून ज्याची हेटाळणी होते तो मतदार किती विवेकी असतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

उणिवा

भाऊसाहेब निर्दोष होते असे सांगितल्याने त्यांचा गौरव वाढत नाही. पक्षाचा कारभार त्यांच्या एकट्याच्या भोवती फिरत असे. मतभेद त्यांस फारसे रुचत नसत. १९७० साली त्यांच्याच पक्षातील काही आमदारांनी बंड केले व सरकार धोक्यात आले. ते सावरले, पण पक्षाची दुसरी फळी तयार झाली नाही, ही उणीव पुढे भोवली. बाहेरून आलेल्या नोकरवर्गाविषयीची नाराजी त्यांनी वेळीच ओळखली नाही. जनमत कौलात तिचा परिणाम दिसला. आणि ते स्वतः खाणमालक होते. खाणींनी गोव्यास पैसा दिला, तसाच पावसाळ्यात त्यांचा गाळ खालच्या शेतांत उतरला. या दुखण्याचा इलाज त्यांच्या काळात झाला नाही, व नंतरही फार उशिरापर्यंत झाला नाही.

अखेर

१२ ऑगस्ट १९७३ रोजी पणजी येथे हृदयविकाराने त्यांचे अकस्मात देहावसान झाले. वय अवघे बासष्ट वर्षांचे. मुख्यमंत्रिपदावर असतानाच मृत्यूने त्यांस गाठले. मिरामारच्या वाळूवर त्यांची समाधी उभी राहिली. त्यांच्या मागे शशिकलाताईंनी १९७९ पर्यंत राज्याची धुरा वाहिली. पुढे ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले. जे विलीनीकरण भाऊसाहेबांस हवे होते ते झाले नाही. पण ज्या स्वतंत्र गोव्यास त्यांनी विरोध केला, त्याच गोव्याच्या खेड्यापाड्यांतील शाळांचा पाया त्यांनी घातला होता, हा इतिहासाचा विलक्षण योग होय.

आम्हांस बोध

समाजबांधवहो, भाऊसाहेब आमच्या समाजाचे होते, याचा अभिमान आम्हांस अवश्य वाटावा. पण ते निवडून आले ते केवळ आमच्या मतांवर नव्हे. आमचा समाज संख्येने लहान. त्याची सारी मते एकवटली तरी राज्य मिळत नाही. भंडारी, कुणबी, गावडे, खारवी, देवळी, दलित, अशा अनेकांनी त्यांस आपले मानले, कारण त्यांच्या घरातील अडचण त्यांनी आपल्या घरातली मानली. ज्यांस स्वतः मंडपाबाहेर उभे राहावे लागले त्यांस बाहेर उभ्या असलेल्या इतरांचे दुःख लवकर कळावे, हीच आमच्या इतिहासाची खरी शिकवण आहे. ती विसरून केवळ जातीच्या नावावर कोणी आमची मते मागावयास आला, तर त्याने भाऊसाहेबांचे नाव घेऊ नये.

सार्वजनिक कार्यात पडू इच्छिणाऱ्या आमच्या तरुणांस एवढेच सुचवावेसे वाटते. मोठी ध्येये जरूर बाळगावीत, भाऊसाहेबांनीही बाळगली. पण गावच्या शाळेत मास्तर आहे की नाही, म्हाताऱ्या मुंडकाराचा दावा कोणत्या कचेरीत पडून आहे, वाड्यावरच्या नळास किती वाजता पाणी येते, हे आधी जाणून घ्यावे, आणि जाणून घेतल्यावर स्वस्थ बसू नये. येत्या १२ मार्चला समाधीवर हार घेऊन जाण्यापूर्वी आपापल्या गावच्या प्राथमिक शाळेत एक फेरी मारावी, पटावर किती मुले उरली आहेत ते पाहावे, आणि कमी असतील तर का, हे गुरुजींस विचारावे. भाऊसाहेबांनी प्रथम हेच विचारले असते, अशी आमची खात्री आहे.

त्यांच्या पुण्यस्मृतीस समाजाचे विनम्र अभिवादन.